जावाची राख, जावाचा दगड

महाराष्ट्राची जमीन ज्वालामुखीने घडवली, हे आपण शाळेच्या भूगोलातच शिकतो. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची दरी, वेरूळचा डोंगर, शेतातली काळी माती, सगळं त्या लाव्ह्याचंच देणं. इंडोनेशियातलं जावा बेटही ज्वालामुखीनेच घडवलेलं आहे. तरी दोन्हीकडे जे हाती लागतं ते किती वेगळं! आपल्याकडे बौद्ध लेणी सलग कातळात कोरली गेली. जावात लाखो सुटे दगड एकावर एक रचून बोरोबुदूरचा स्तूप उभा राहिला. आपल्याकडे प्रवरेच्या काठी नेवाशाजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं भरपूर सापडली, पण ती घडवणाऱ्याचं एक हाडही महाराष्ट्रात मिळालेलं नाही. भारतभरात मिळून अशी एकच प्राचीन कवटी आहे. ती १९८२ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथे भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया यांना सापडली. जावात मात्र तशा कवट्या, जबडे आणि दात गेली सव्वाशे वर्षं निघत आले आहेत.

दोन्ही भूमी ज्वालामुखीच्या, मग एवढा फरक का? याचं उत्तर शोधायला गेलं की जावातल्या दोन गोष्टी एकत्र येतात. एरवी त्या वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात. एक, दहा-बारा लाख वर्षांपूर्वीचा माणूस. दुसरी, बाराशे वर्षांपूर्वीची बुद्धमंदिरं. दोहोंना जपलं तेही जावाच्या ज्वालामुखींनी आणि दोहोंची नासधूस केली तीही त्यांनीच. हे कसं होतं, ते पायरीपायरीने पाहू.

पातळ लाव्हा, चिकट लाव्हा

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर आला, म्हणजे डायनासोर नामशेष झाले त्या सुमारास. तो उंच डोंगराच्या तोंडातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वाहत आला. त्यात सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याचं, प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. लाव्ह्यात सिलिका जितकी कमी तितका तो पातळ. पातळ लाव्ह्यातला वायू सहज निसटून जातो, त्यामुळे मोठा स्फोट होत नाही. लाव्हा दूरवर पसरतो आणि थंड होऊन त्याचा सपाट थर बनतो. असे थरावर थर बसले, पुढे नद्यांनी ते कापले आणि आपले उभे कडे तयार झाले. या काळ्या खडकाला बेसाल्ट म्हणतात. त्यात मोठमोठे सलग पट्टे मिळतात, म्हणूनच एका कड्यात अख्खं चैत्यगृह कोरता आलं.

जावाची गोष्ट वेगळी आहे. बेटाच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी एक खोल चर आहे. तिथे हिंदी महासागराचा तळ वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वेगाने जावाच्या खाली सरकतो आहे. समुद्राखालच्या या खडकातल्या खनिजांत भरपूर पाणी बांधलेलं असतं. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर उष्णतेने आणि दाबाने ते सुटं होतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. पाणी शिरलं की तो खडक कमी तापमानाला वितळतो. कोरडा असता तर तेवढ्याच उष्णतेत तो घट्ट राहिला असता. जावावरच्या ज्वालामुखींच्या रांगेचं मूळ हे असं समुद्राच्या पाण्यात आहे.

हा वितळलेला रस वर येईपर्यंत त्यातली सिलिका साठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि तो चिकट होतो. आतला वायू अडकतो, दाब वाढतो आणि शेवटी स्फोट होतो. स्फोटात रसाच्या चिंधड्या उडतात. त्या हवेतच थिजून काचेच्या बारीक, धारदार कणांचा पाऊस पडतो. यालाच आपण ज्वालामुखीची राख म्हणतो, पण चुलीतल्या राखेशी तिचं काही नातं नाही. जो रस न फुटता थिजतो त्याचा करडा, टणक दगड बनतो. तो अँडेसाइट.

पाऊस पडला की डोंगरावरची राख आणि धोंडे मिळून चिखलाचा प्रचंड लोंढा नदीतून खाली येतो. त्याला लहार म्हणतात. हा जावातलाच शब्द आता जगभरचे भूवैज्ञानिक वापरतात. लहार वाटेतली गावं गाडतो, नदीचं पात्र बदलतो आणि घराएवढे धोंडेसुद्धा मैदानात आणून टाकतो. यापुढच्या सगळ्या गोष्टीत राख, अँडेसाइट आणि लहार पुन्हा पुन्हा भेटतील.

हाड कधी टिकतं?

मेलेल्या प्राण्याचं हाड बहुतेक वेळा टिकत नाही. तरस-कोल्हे ते फोडतात, ऊन-पाऊस ते चिरतात, मातीतलं आम्ल ते विरघळवतं. टिकायचं तर ते लवकर झाकलं गेलं पाहिजे. झाकणारा गाळ बारीक हवा आणि त्यातून खनिजयुक्त पाणी झिरपत राहायला हवं. मग हाडातल्या सूक्ष्म पोकळ्यांत खनिजं साचतात, मूळ द्रव्याची जागा हळूहळू दुसरी खनिजं घेतात आणि आकार तसाच राहून हाड दगडासारखं जड होतं. वाहता लाव्हा हे काम करू शकत नाही, कारण अकराशे अंशांच्या आसपासच्या त्या रसात हाड उरणारच नाही. राख मात्र थंड होत खाली पडते, पाण्यात कालवली जाते आणि बारीक गाळ बनून हाडाला चहूकडून वेढते. काचेचे कण पाण्यात मुरताना सिलिका आणि इतर खनिजंही सोडतात.

आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे खचत जाणारी जमीन. जमीन खचत असेल तर गाळावर गाळ साचतो आणि खालचा थर सुरक्षित राहतो. मध्य आणि पूर्व जावात शेकडो मीटर जाडीचा असा गाळ साचला. दख्खनच्या नद्या मात्र जुना कातळ झिजवत वाहतात. त्यांच्या काठचा गाळ बहुतेक ठिकाणी काही मीटरांचाच असतो, आणि तोही पुराबरोबर पुन्हा पुन्हा धुऊन जातो. हत्तींची, रानबैलांची हाडं त्यात मिळतात, कारण ते प्राणी कळपांनी होते. माणसं मुळातच विरळ होती. माझ्या मते नेवाशाला हत्यारं मिळाली पण माणूस मिळाला नाही, याचं मोठं कारण हेच.

त्रिनिलच्या वळणावरचा डॉक्टर

१८८७ मध्ये अॅम्स्टरडॅममध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण डॉक्टरने चांगली नोकरी सोडली आणि डच वसाहतीच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून नाव घातलं. त्याचं नाव यूजीन दुबुआ. डार्विनचं म्हणणं खरं असेल तर माणूस आणि वानर यांच्यामधल्या पूर्वजाची हाडं कुठेतरी असलीच पाहिजेत, आणि ती उष्ण प्रदेशात असतील, अशी त्याची खात्री होती. हाडं शोधायची म्हणूनच तो पूर्वेकडे आला. माणसाच्या पूर्वजाचे जीवाश्म मिळवायचे असं ठरवून इतक्या लांब निघालेला तो पहिलाच माणूस म्हणायला हवा. सुमात्रात गुहा धुंडाळून हाती फारसं लागलं नाही, मलेरियाने मात्र त्याला गाठलं. १८९० मध्ये तो जावात आला.

पूर्व जावात सोलो नदी त्रिनिल गावाजवळ मोठं वळण घेते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठचा राखमिश्रित थर उघडा पडतो. दुबुआच्या दिमतीला दोन सार्जंट आणि कैदी मजूर होते. सप्टेंबर १८९१ मध्ये तिथे एक दाढ मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये कवटीची टोपी, म्हणजे फक्त वरचा भाग. ती तपकिरी, जड होती. भुवयांच्या जागी आडवा उंचवटा आणि त्यामागे चपटं, मागे झुकलेलं कपाळ. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथून पंधराएक मीटरवर मांडीचं हाड सापडलं. ते जवळजवळ आपल्यासारखंच सरळ होतं आणि त्यावर हाडाची एक वेडीवाकडी वाढ होती.

दुबुआने मेंदूचं आकारमान काढलं. ते हजार घनसेंटिमीटरच्या थोडं आत भरलं. आपला मेंदू सरासरीने साडेतेराशेच्या आसपास असतो, आणि वानरांचा याहून खूपच लहान. म्हणजे मेंदू मधला आणि चाल दोन पायांवरची. १८९४ मध्ये त्याने या प्राण्याला ‘पिथेकँथ्रोपस इरेक्टस’ असं नाव दिलं. युरोपात मोठा वाद पेटला. काहींना ते वानर वाटलं, काहींना माणूस. टीकेने दुखावलेल्या दुबुआने पुढे कित्येक वर्षं ते जीवाश्म कुणालाही पाहू दिले नाहीत. आज आपण त्या माणसाला ‘होमो इरेक्टस’ या जातीत धरतो. मांडीचं हाड मात्र बरंच नंतरच्या माणसाचं असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं, कारण नदीच्या गाळात वेगवेगळ्या काळची हाडं शेजारी येऊन पडू शकतात.

दुबुआने हाडांबरोबर त्रिनिलचे गोड्या पाण्यातले शिंपलेही गोळा केले होते. ते नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात पडून राहिले. एकविसाव्या शतकात त्यांचे फोटो तपासताना एका संशोधकाला एका शिंपल्यावर नागमोडी रेघ दिसली. कुणीतरी टोकदार वस्तूने, दाब देऊन, मुद्दाम ओढलेली ती रेघ होती. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. शिंपल्यातल्या गाळाचं वय ४ लाख ३० हजार ते ५ लाख ४० हजार वर्षांदरम्यान भरलं. त्या शिंपल्यांपैकी काहींना नेमक्या स्नायूच्या जागी भोक पाडलेलं आहे. तिथे टोचलं की शिंपल्याची पकड सुटते आणि तो उघडतो. भोक पाडणाऱ्याला शिंपल्याच्या आतली रचना ठाऊक होती. मला दुबुआच्या कवटीपेक्षाही ही भोकं आणि ती रेघ जास्त हलवून सोडते. २०२५ मध्ये नेदरलँड्सने दुबुआच्या संग्रहातले २८ हजारांहून अधिक जीवाश्म इंडोनेशियाला परत करण्याचा निर्णय जाहीर केला. ही मागणी फार जुनी होती आणि न्याय्यही होती.

सांगिरान: फुगलेली जमीन

जावातल्या आदिमानवाचं सर्वांत मोठं भांडार सोलो शहराच्या उत्तरेला सांगिरानला आहे. छप्पन्न चौरस किलोमीटरच्या या परिसराला १९९६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इथे इतके जीवाश्म का, याचं उत्तर जमिनीच्या आकारात आहे. तव्यावरची भाकरी टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा काढला की आतलं दिसतं, तशी इथली जमीन खालच्या दाबाने घुमटासारखी वर आली आणि नदीने त्या घुमटाचा माथा कापून टाकला. त्यामुळे एरवी खोल गाडलेले थर इथे डोळ्यांसमोर येतात. मध्यभागी सर्वांत जुने, बाहेर जावं तसे नवे.

हे थर वाचता येतात. सर्वांत खाली निळसर करडी माती आणि तिच्यात सागरी शिंपले, म्हणजे तेव्हा इथे समुद्र होता. त्यावर लहारचा खडबडीत थर, म्हणजे जवळचे ज्वालामुखी जागे झाले आणि समुद्र मागे हटू लागला. मग दलदलीतली काळी चिकणमाती. त्यावर एक टणक खडीचा पट्टा आणि शेवटी नदीने आणलेली वाळू, मधून मधून राखेच्या पांढरट रेघा. माणसाची हाडं काळ्या मातीच्या वरच्या भागापासून दिसू लागतात, पण बहुतेक मिळतात ती खडीच्या पट्ट्यात आणि वाळूत. हत्ती, पाणघोडे आणि हरणं यांची हाडंही त्याच थरांत सापडतात.

गावकऱ्यांना ही हाडं पूर्वीपासून माहीत होती. ती युद्धात मेलेल्या राक्षसांची आहेत असं ते मानत आणि औषधातही वापरत. १९३४ पासून इथे काम करणाऱ्या फॉन कोनिग्सवाल्ड या जीवाश्म-अभ्यासकाने त्यांनाच शोधाला लावलं आणि सापडलेल्या प्रत्येक तुकड्याला दहा सेंट द्यायचं कबूल केलं. १९३७ मध्ये कवटी सापडली तेव्हा लोक तिचे तुकडे करून एकेक तुकडा विकायला आणू लागले, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. दोष गरिबांचा नव्हता, पैसे मोजण्याच्या पद्धतीचा होता. पुढे १९६९ मध्ये शेतात काम करणाऱ्या एका शेतकऱ्याला चेहऱ्यासकट कवटी मिळाली. जावातल्या होमो इरेक्टसचा चेहरा जगाने पहिल्यांदा नीट पाहिला तो तिच्यामुळे.

राख पडली ती कधी?

दहा-बारा लाख वर्षं हा आकडा येतो कुठून? हाडाचं वय थेट काढणं इतक्या जुन्या काळासाठी जवळपास अशक्य असतं. वय काढतात ते वरच्या आणि खालच्या राखेचं. राखेत खनिजांचे बारीक स्फटिक असतात. काही स्फटिकांत पोटॅशियम असतं. त्याचा एक अगदी छोटा हिस्सा किरणोत्सारी असतो आणि ठरलेल्या संथ गतीने त्यातून आरगॉन वायू तयार होतो. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. रस थिजला की नवा तयार होणारा आरगॉन स्फटिकात कोंडला जातो. आज त्यात किती आरगॉन आणि किती पोटॅशियम आहे हे मोजलं की थिजल्याला किती काळ झाला ते कळतं. झिरकॉन नावाच्या स्फटिकात असंच युरेनियमपासून शिसं तयार होतं. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो पण शिसं जवळजवळ घेत नाही, त्यामुळे आत सापडलेलं शिसं नंतरचंच असतं.

यात एक खोच आहे. नदीने आणलेल्या राखेत जुन्या उद्रेकांचे स्फटिकही मिसळतात. अशा मिसळीचं वय काढलं तर थर खऱ्यापेक्षा म्हातारा ठरतो. शिवाय अनेक कवट्या शेतकऱ्यांना मिळाल्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरातल्या, हे सांगणं कठीण जातं. म्हणूनच १९९४ मध्ये सांगिरानच्या माणसाचं वय १६ लाखांच्या वर सांगितलं गेलं होतं, तर २०२० मध्ये झिरकॉनवर काम करणाऱ्या गटाने माणूस इथे सुमारे १३ लाख वर्षांपूर्वी आला असं मांडलं. सोलो नदीकाठच्याच न्गांडोंग इथल्या कवट्या या जातीच्या शेवटच्या ज्ञात माणसांच्या आहेत. त्यांचं वय १ लाख १७ हजार ते १ लाख ८ हजार वर्षं निघालं. म्हणजे या बेटावर ही माणसं दहा लाखांहून अधिक वर्षं नांदली.

चौकट: कुकडीकाठची राख

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ गाळात पांढरट राखेचा थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी तर त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीच थंडावले होते. ही राख आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, हिंदी महासागर ओलांडून. तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांचा अभ्यास केला. टोबाचा प्रचंड उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, पण त्याआधीही तो फुटला होता. बोरीची राख यांपैकी कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून हत्यारांच्या वयाचाही वाद मिटलेला नाही. राखेच्या रूपाने इंडोनेशियाचे ज्वालामुखी असे पुणे जिल्ह्यापर्यंत पोचले आहेत.

नदीतल्या धोंड्यांचा स्तूप

आता इसवी सनाच्या आठव्या शतकाकडे येऊ. मध्य जावातलं केदूचं मैदान मेरापी, मेरबाबू, सुंबिंग आणि सिंदोरो या ज्वालामुखींनी वेढलेलं आहे. राखेमुळे माती सुपीक, भात भरपूर, त्यामुळे माणसंही भरपूर. शैलेंद्र राजांनी इथेच बोरोबुदूर उभारलं, साधारण ७८० ते ८३० च्या दरम्यान. या मैदानात वेरूळसारखा सलग कडा नाही. दगड आहे तो प्रोगो आणि एलो नद्यांत, लहारने आणून टाकलेल्या अँडेसाइटच्या धोंड्यांच्या रूपात. शिल्पकारांनी तोच फोडला, घडवला आणि एका टेकडीभोवती रचला. सुमारे ५५ हजार घनमीटर दगड यासाठी लागला. मेरापीच्या पायथ्याशी मुंतिलान गावात दगड घडवणारे कारागीर आजही त्याच जातीच्या दगडात काम करतात.

बांधकामात चुना नाही. दगड जागचे हलू नयेत म्हणून त्यांना खाचा आणि खुंट्या काढून एकमेकांत अडकवलं आहे. पाया सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी-रुंदीचा चौरस. त्यावर चढत्या चौकोनी पायऱ्या आणि त्यांच्या भिंतींवर कथाशिल्पांचे १,४६० पट. बुद्धाच्या जन्मापासूनचा जीवनपट, जातककथा, सुधन नावाच्या तरुणाचा गुरुशोध. हे सगळं स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालत वाचायचं. माथ्यावर तीन वर्तुळाकार कट्टे आणि त्यांवर ७२ जाळीदार स्तूप, प्रत्येकात एक बुद्ध. एकंदर ५०४ बुद्धमूर्ती होत्या. आज त्यांतल्या तीनशेहून अधिक खंडित आहेत, बहुतेकांची डोकी गेलेली, आणि ४३ नाहीशाच झाल्या आहेत.

मातीच्या टेकडीवर एवढं वजन चढवल्यावर ती खालून फुगू-सरकू लागणारच. बांधकाम चालू असतानाच तसं झालं असावं, कारण पायथ्याभोवती दगडांचा एक रुंद कट्टा नंतर चढवलेला आहे. तो १८८५ मध्ये आयझरमान या डच अभियंत्याच्या लक्षात आला. कट्ट्यामागे कर्मफळाचे १६० पट लपले होते. १८९०-९१ मध्ये कट्टा टप्प्याटप्प्याने उकलला, जावातले छायाचित्रकार कासियन सेफास यांनी प्रत्येक पटाचा फोटो काढला आणि दगड परत बसवले. दुबुआची कवटी जमिनीतून वर आली त्याच सुमाराला हे पट हजार वर्षांनी क्षणभर उजेडात आले. काही पटांच्या वर शिल्पकारांसाठी खोदलेल्या सूचना राहून गेल्या आहेत. एका जागी ‘विरूप’ म्हणजे इथे कुरूप माणसं कोरायची, दुसरीकडे ‘स्वर्ग’. मराठी वाचकाला त्या कळायला कोशाची गरज नाही. त्या अक्षरांच्या वळणावरूनच बोरोबुदूरचा काळ ठरवायला मोठी मदत झाली.

मेंदुतचा बुद्ध आणि वेरूळ

बोरोबुदूरपासून तीन किलोमीटरवर मेंदुत मंदिर आहे. आतल्या अंधाऱ्या गाभाऱ्यात सुमारे तीन मीटर उंचीची बुद्धमूर्ती बसलेली आहे. एका बाजूला अवलोकितेश्वर, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी. बुद्ध मांडी घालून बसलेला नाही. तो आसनावर बसून दोन्ही पाय खाली सोडतो आणि हात छातीपाशी धर्मचक्रमुद्रेत. या बसण्याला प्रलंबपादासन म्हणतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या स्तूपावरचा बुद्ध असाच बसला आहे, वेरूळच्या १० व्या लेण्यातलाही. मेंदुतच्या बाहेरच्या भिंतींवर आठ बोधिसत्त्वांचा समूह आहे. वेरूळच्या १२ व्या लेण्यातही आठ बोधिसत्त्वांनी वेढलेला बुद्ध पुन्हा पुन्हा कोरलेला दिसतो. त्या लेण्यात आणि मेंदुतमध्ये शंभर वर्षांच्या आसपासचंच अंतर आहे. वेरूळचे कारागीर जावात गेले असा याचा अर्थ नव्हे. भिक्षू, ग्रंथ आणि मूर्तींचे नमुने सागरावरून ये-जा करत होते आणि दोन्हीकडच्या शिल्पींनी एकाच विचाराचं रूप आपापल्या दगडात काढलं. शैलेंद्र घराण्यातल्या बालपुत्रदेवाने नवव्या शतकात नालंदाला विहार बांधला, हे देवपालाच्या ताम्रपटात लिहिलेलंच आहे.

पाणी आतून पोखरतं

कोरलेल्या लेण्याला सांधा नसतो. रचलेल्या स्तूपाला लाखो सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यातून पाऊस आत जातो. बांधणाऱ्यांनी मकरमुखी पन्हाळी बसवल्या होत्या, पण दगडांतून झिरपणारं पाणी आतल्या मातीत मुरत राहिलं. माती भिजली की जड होते, तिचे बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात, आत पोकळी होते आणि भिंत कलते. उरलेलं पाणी शिल्पांच्या अंगातून बाहेर येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. क्षारांचे स्फटिक वाढताना दगडाचा पृष्ठभाग सुटतो आणि बुद्धाचा चेहरा भुसभुशीत होतो.

१९०७ ते १९११ मध्ये थिओडोर व्हान एर्पने वरचे स्तूप सावरले, पण आतलं पाणी थांबलं नाही. शेवटी युनेस्कोच्या मदतीने आणि इंडोनेशियाचे पुरातत्त्वज्ञ सुकमोनो यांच्या नेतृत्वाखाली मोठं काम हाती घेतलं गेलं. ते १९८३ मध्ये संपलं. चौकोनी मजले दगडादगडाने उतरवले गेले. दहा लाखांहून अधिक दगडांना क्रमांक दिले, धुतले, उपचार केले आणि परत त्याच जागी बसवले. मधल्या काळात आत काँक्रीटचा आधार, पाणी गाळून बाहेर नेणारे थर आणि ओल वर चढू नये म्हणून शिशाचे पत्रे घातले. पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दुरुस्ती अशीच असावी.

२०१० मध्ये तीसेक किलोमीटरवरचा मेरापी फुटला. साडेतीनशेहून अधिक माणसं गेली आणि बोरोबुदूर राखेने पांढरं झालं. ही राख ओली झाली की आम्ल सोडते आणि पुसायला गेलं की तिचे काचेचे कण शिल्पावर ओरखडे काढतात. स्तूपांवर प्लास्टिक पांघरलं गेलं. गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी राख झाडली आणि फरशीचे दगड उचलून तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या.

मेरापीने गाडलेली मंदिरं

दहाव्या शतकात मध्य जावातली राजधानी पूर्वेला हलली आणि मंदिरं ओस पडली. १००६ मध्ये मेरापीच्या एकाच महाभयंकर उद्रेकाने हे घडवलं, असं डच भूवैज्ञानिक व्हान बेमेलेन यांनी मांडलं होतं आणि ते बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांसारखं सांगितलं गेलं. ते आता मान्य होत नाही. राजधानी त्या सालाच्या कित्येक दशकं आधीच हलली होती. दुसरा पुरावा जमिनीतून आला. १९६६ मध्ये योग्यकार्ताजवळ संबिसारीच्या शेतात कुदळ कोरीव दगडावर आदळली आणि खोदत गेल्यावर साडेसहा मीटर खाली नवव्या शतकातलं अख्खं शिवमंदिर निघालं. त्यावरचे थर तपासले तर ते एका दिवसाचे नव्हते. अनेक लहार, मध्ये मध्ये शांत काळ, पुन्हा लहार.

डिसेंबर २००९ मध्ये योग्यकार्ताच्या इस्लामी विद्यापीठात ग्रंथालयाचा पाया खणताना पाचएक मीटरांवर पुन्हा कोरीव भिंत लागली. आत शिवलिंग, नंदी आणि गणेश होते. विद्यापीठाने ग्रंथालयाचा आराखडा बदलला आणि इमारत मंदिराला वळसा घालून बांधली. मेरापीच्या उतारावर खालच्या राखेत आणखी काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही.